फ्रीजची पाठवणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवशीचं निमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ही आमच्या वऱ्हाडातली जुनी रीत. आमचे शेजारी तुळशीरामभाऊ हे निमंत्रण फ्रीजला द्यायचे. फ्रीजचा कान कुठे असतो हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ते त्याच्या मागे उकिडवे बसून कॉम्प्रेसरपाशी तोंड नेत आणि हळू आवाजात सांगत. मग मिक्सरला. मग टीव्हीला. मग स्टुलावर चढून पंख्याला.

जठारपेठेत आम्ही राहायला आलो त्या वर्षी मी हे खिडकीतून पाहिलं आणि बायकोला म्हणालो, "रेखा, शेजार चुकला."

मी वकील आहे. अकोल्याच्या कोर्टात वेडाचं सोंग घेणारे मी पुष्कळ पाहिले. या माणसाचं सोंग नव्हतं, आणि मला काळजी त्याचीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारायलाच गेलो. तुळशीरामभाऊ दारात उभे होते. उभे म्हणजे एका जागी नव्हेच. हा माणूस उभा असला तरी चालत असतो. शिडशिडीत अंग, खिशाला टेस्टर, आणि मान कायम एका बाजूला कललेली. उभी हयात त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर म्हणून काढली. मोटारीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगायचं, हीच नोकरी. त्यामुळे माणसाशी बोलतानाही ते त्याच्याकडे बघत नाहीत, कान देतात. बोलणाऱ्याला उगाच वाटतं की आपलं काहीतरी ढिलं झालंय.

"बैल होते आमच्याकडं," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. "मोर्णेच्या काठी भाजीचा मया होता बापाचा. वांगी, मेथी, कोथिंबीर. मया गेला, बैल गेले. पोया कसा सोडाचा?"

"मातीचे बैल पुजतात की लोक."

"मातीचे बैल काय काम करतेत घरात? नुसते बसून राहतेत! राबते कोन? हा पंखा राबते. सालभर डोक्यावर फिरून राहिला बिचारा. त्याले कोनं इचारलं कवा?"

कोर्टात असतो तर मी पुढची तारीख मागितली असती.

आता खरं सांगायचं तर त्या लोणी-हळदीच्या आधी जे चालायचं ते शुद्ध शहाणपण होतं. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस ते घरातलं एकेक यंत्र उघडत. पंख्याच्या बेअरिंगला तेल, फ्रीजच्या मागच्या जाळीची धूळ ब्रशने साफ, टीव्हीच्या पाठीतली जळमटं बाहेर, मिक्सरचे कार्बन बदलून. त्या घरातली वस्तू मरतच नसे. त्यांच्या मिक्सरला मतदानाचा हक्क मिळूनही बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात त्या काळात तीन मिक्सर आले आणि गेले. दर वेळी जुना फेकताना तुळशीरामभाऊ फाटकाशी हजर आणि प्रश्न ठरलेला, "उघडून पाह्यलं काय?"

हा त्यांचा सगळ्या आयुष्याला लागू पडणारा प्रश्न होता. रेडिओ बंद पडला? उघडून पाह्यलं काय? कलिंगड गोड नाही निघालं? उघडून पाह्यलं काय घ्याच्या आंधी? माझी एक केस नऊ वर्षं रेंगाळली होती, तीसुद्धा त्यांनी याच प्रश्नावर आणून ठेवली. मी चिडून फाइल उघडली तर वकीलपत्रावर पक्षकाराची सहीच नव्हती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरं वेड लाल दिव्याचं. टीव्ही बंद केल्यावरही खाली जो बारीक लाल दिवा जळत राहतो, त्यावर त्यांचा भारी राग. "झोपल्याचं सोंग हाये थे. एक डोया उघडा ठेवून करंट पेऊन राहिला." कुणाकडेही गेले की चहा येईपर्यंत भिंतीवरची बटणं बंद करत फिरणार. चार्जर उपटणार, सेट-टॉप बॉक्स मुका करणार. एकदा मी आतल्या खोलीत काळा कोट घालून लॅपटॉपसमोर ऑनलाइन सुनावणीत उभा होतो. ऐन भरात आलो होतो, साहेबांनी मानही डोलावली होती, आणि बाहेर तुळशीरामभाऊंनी इंटरनेटच्या डबीचं बटण दाबलं. मी न्यायाधीशांपुढे तोंड उघडं ठेवून गोठलो. नंतर कळलं, तो चेहरा पडद्यावर बराच वेळ तसाच होता.

पण त्याहून मोठी गोष्ट हळदीची. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी ते वाटी घेऊन आमच्याच घरी आले. रेखाला कौतुक. मी कोर्टात होतो. त्यांनी आमच्या बेडरूममधल्या पंख्याला तेल दिलं, पाती पुसली आणि मधल्या गोलाला भरपूर लोणी-हळद चोळली. "उद्या लावू नका, सुट्टी हाये त्याले," असं बजावून गेले. पोळ्याच्या दिवशी आम्ही इमानाने घामात बसलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा शर्ट चढवला, पांढरा बँड बांधला आणि पंखा लावला.

कोर्टात पोचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. हातावरचा कोट चढवायला वळलो तर विरुद्ध बाजूच्या वकिलाने माझ्या पाठीकडे पाहून विचारलं, "काय हो, या वयात हळद लागली?" त्या दिवशी मी काय बोललो ते कुणीच ऐकलं नाही. संध्याकाळी तो शर्ट घेऊन मी तरातरा शेजारी गेलो. तुळशीरामभाऊंनी तो उजेडात धरला, पाठीवरचे पिवळे ठिपके नीट पाहिले आणि म्हणाले, "पाहा, खांद्यापासून कंबरीपर्यंत एकसारखे पडले. बेअरिंग मस्त हाये तुमचं."

त्यांच्या मागे दारात त्यांच्या पत्नी, इंदिराकाकू, उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातून शर्ट घेतला. "द्या इकडं. धुऊन देतो म्हनाची अक्कल नाई यायले." आणि चौकट धरून सावकाश आत गेल्या. तेव्हाच त्यांचे गुडघे गेलेले होते. मला ते दिसलं आणि मी घरी येऊन विसरूनही गेलो.

इंदिराकाकूंचा हा सगळा संसार म्हणजे यंत्रांच्या आजारपणात बसलेल्या माणसाशी केलेला संसार. त्या स्वतः पहाटे उठून चौकात भाजी विकत. उरलेली मेथी-कोथिंबीर सुकू नये म्हणून एक मोठा फ्रीज घ्यायला त्यांनीच नवऱ्याला भाग पाडलं होतं. मुलगी, वैशाली, लग्न होऊन अमरावतीला गेली. घरात ही दोघं आणि ती जुनी यंत्रं उरली. काकू तोंडाने फटकळ. "माह्या सवतीच सवती हायेत घरात," असं त्या रेखाला सांगायच्या आणि हसायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला त्या हसल्या नाहीत.

पोळ्याला यंत्रांना सुट्टी, म्हणजे मिक्सरलाही सुट्टी. आणि पोळ्याला पुरणपोळी तर हवीच. म्हणजे पुरण वाटायचं पाट्यावर, जमिनीवर बसून. इतकी वर्षं काकूंनी ते वाटलं. त्या वर्षी वाटून झालं आणि त्यांना उठता येईना. रेखा हळदीकुंकवाची वाटी परत द्यायला गेली होती, तिने पाहिलं. काकू पाट्यापाशी बसलेल्या, हात पुरणाने माखलेले. तुळशीरामभाऊ शेजारच्या खोलीत मिक्सरला नैवेद्य दाखवत होते.

"मिक्सरले सालातून एक दिवस सुट्टी भेटते," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज चढवलाही नव्हता. "पंख्याले भेटते. मले कवा भेटली जी? त्या मोटरीचं दुखनं तुमाले रस्त्यावरून आयकू येते. माह्ये गुडघे तुमच्या कानाशी वाजून राहिले, थे नाई आयकू आले कवा."

तुळशीरामभाऊंनी बाहेर येऊन हात दिला. काकूंनी तो न घेता रेखाचा घेतला. दुसऱ्या दिवशी वैशाली गाडी घेऊन आली आणि आईला अमरावतीला घेऊन गेली. तिकडेच दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. बऱ्या झाल्या, चालायला लागल्या, आणि परत आल्या नाहीत.

अकोला ते अमरावती काही विलायत नाही. सकाळी निघालं तर माणूस जेवायला पोचतो. तुळशीरामभाऊ गेले नाहीत. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा स्टँडपर्यंत जाऊन परत आले. कुणी विचारलं की म्हणायचे, "येत्या सोमवारी जाऊन राहिलो." असे किती सोमवार गेले. फोन व्हायचा तो वैशालीमार्फत. जेवले काय, जेवलो. पानी आलं काय, आलं. आमच्या गल्लीत आता एकच प्रश्न होता, काकू परत येणार की नाही. आणि तो विचारायची कुणाची टाप नव्हती. मी माणसांना खोदून खोदून विचारण्याचे पैसे घेतो, पण इथे मी हवापाण्यावर बोलून परत यायचो.

पुढच्या वर्षी पोळ्याला त्यांनी कुणालाच आवतन दिलं नाही.

पण अंगातला चाळा गेला नाही, उलट वाढला. आमच्याकडे दिवसातून चारदा यायला लागले. आले की बटणं बंद, चार्जर बाहेर, एक घोट चहा, उठले. दहा मिनिटांनी पुन्हा फाटक वाजलं. मी वैतागायचो. रेखा मला डोळ्यांनी गप्प करायची.

आणि या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते एका सकाळी आले ते बटणांकडे न बघता सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"वकीलसाहेब, फ्रीजले सुट्टी द्या लागते."

"पोळा लांब आहे अजून."

"कायमची."

मला वाटलं, बिघडला. तर नाही. फ्रीज चालू होता. तेच दुखणं होतं. त्याचा कॉम्प्रेसर आता थांबतच नव्हता. तुळशीरामभाऊंनी घरातलं बाकी सगळं बंद करून दोन दिवस मीटरसमोर खुर्ची टाकली आणि चाकाकडे बघत बसले. पंखा, दिवे, टीव्ही सगळं मिळून जेवढं खातं त्याहून हा एकटा जास्त खात होता.

"अन् आत काय हाये?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "एक पाव दूध. चार मिरच्या. एका मानसाच्या पाव भर दुधासाठी थो रातदिवस धापा टाकून राहिला. पाप लागन मले."

मी म्हणालो, सोपं आहे. दुकानात जुना द्या, नवा घ्या, ते घेऊन जातात. यावर त्यांनी मान कलती करून मला असं ऐकलं की मी ओशाळलो. कारण ते आधीच चौकशी करून आले होते. नेतात ते कुठे नेतात? त्याचा माग काढत ते जुन्या शहरात भंगाराच्या एका गल्लीपर्यंत गेले होते. तिथे त्यांनी एक फ्रीज फोडताना पाहिला.

"हातोडीचा एक घाव पाइपावर. फुस्स! संपलं. थो गॅस वरतं जाते, आभायाले भोक पाडते. जुन्या फ्रीजचा गॅस लय वाईट. मांगून वायरी जायतेत तांब्यासाठी, नदीच्या काठी, काया धूर. आपल्याच पोराईच्या नाकात." ते खोलीत येरझारा घालत होते. "तीस साल ज्यानं आपली भाजी सांभायली, त्याले असं मारू देऊ काय?"

मग शोध सुरू झाला. फ्रीजचा गॅस हवेत न सोडता नळकांड्यात भरून घेणारं, प्लास्टिक वेगळं, लोखंड वेगळं, तेल वेगळं करणारं कुणी आहे का? तुळशीरामभाऊंनी अकोल्यातल्या यच्चयावत मेकॅनिकांना छळलं. महापालिकेत गेले, तिथल्या साहेबाच्या खोलीतला पंखा ऐकून त्याला बुश बदलायला सांगून आले. रोज मला अहवाल. शेवटी एक दिवस ते फुललेल्या चेहऱ्याने आले. "भेटलं! अमरावतीले हाये. बडनेऱ्याच्या रस्त्याले शेड हाये त्यायची. गॅस काहाडाची मशीन हाये. मी सांगतलं, माह्या डोयासमोर काहाडा लागन. हाव म्हने."

"अकोल्यात नाहीच कुणी?"

"नाई ना," ते म्हणाले आणि लगेच आमच्या बटणांकडे वळले.

रविवारी टेम्पो ठरला. मला सोबत चला म्हणाले. वकील संग असला म्हंजे कोनी अडवत नाई, हे कारण. मी टाळायला बघत होतो तर रेखाच म्हणाली, "जा तुम्ही. अमरावतीला चाललेत ना ते? मग जाच." तिला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं.

फ्रीज आडवा टाकायला तुळशीरामभाऊंनी साफ नकार दिला. आडवा केला तर आतलं तेल नळ्यांत जातं. मी म्हणालो, "अहो, मोडायलाच नेतोय ना?" ते म्हणाले, "तोवर जिता हाये." मग दोऱ्या, गाद्या, काकूंचं एक जुनं लुगडं असं सगळं बांधून फ्रीज टेम्पोत उभा राहिला आणि त्याला एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने मी असे धरून आम्ही राष्ट्रीय महामार्गाला लागलो. माझे दोन पक्षकार मोटरसायकलवरून पुढे गेले. त्यांनी नमस्कार केला. मला दोन्ही हात फ्रीजला असल्यामुळे परत करता आला नाही.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तुळशीरामभाऊंनी टेम्पो झाडाखाली घ्यायला लावला, फ्रीजला ऊन लागू नये म्हणून. मी चहा प्यायलो. त्यांनी कप हातात घेतला, ठेवला, टायर पाहिले, दोऱ्या ओढल्या, आरशात बघून केस बसवले. तेव्हा मी नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट होता. खिशाला टेस्टर नव्हता.

बडनेरा आलं. शेड रस्त्यावरच दिसली, पाटीही मोठी. मी टेम्पोवाल्याला हाक मारणार तोच तुळशीरामभाऊ म्हणाले, "पुढं घे. कॅम्पात एक मिनटाचं काम हाये. रस्त्यातच पडते."

कॅम्प रस्त्यात पडत नाही. तो सगळं अमरावती ओलांडून पलीकडे आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण कॅम्पात वैशालीचा फ्लॅट आहे हे मला तेव्हा आठवलं.

इमारतीच्या खाली टेम्पो उभा राहिला. तुळशीरामभाऊ उतरले, फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी मीच वैशालीला फोन लावला. थोड्या वेळाने इंदिराकाकू लिफ्टने खाली आल्या. एकट्या. हातात काठी नव्हती.

"हे काय आनलं?"

"फ्रीज."

"दिसून राहिलं मले. काहून आनलं?"

"थो जाऊन राहिला. तुहा होता. म्हनलं, एकदा पाहून घे."

काकूंनी टेम्पोवर एक नजर टाकली, मग मला म्हणाल्या, "तुमालेबी उन्हात आनलं काय यायनं?" आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला चालत गेल्या. फळी धरून वर हात घातला, फ्रीजचं दार किलकिलं केलं, रबरावरून बोट फिरवलं. "रबर नवं दिसते."

"दिवाळीत टाकलं."

"कोथिंबिरीचा ट्रे काहून फुटला?"

"माह्या हातून."

काकूंनी पदराने दाराचा कोपरा पुसला. मग वळून पुन्हा पुढे आल्या. तुळशीरामभाऊ जागचे हलले नव्हते. पहिल्यांदाच मी त्यांना खरोखर स्थिर उभं पाहत होतो. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले.

"आवाज बंद झाला," ते म्हणाले.

"वायर काढल्यावर बंदच होनार."

"फ्रीजचा नाई. तुह्या गुडघ्याचा."

काकू थांबल्या.

"डाव्यातून यायचा. पायरी चढतानी जास्त. उजवा मांगून लागला, वैशालीच्या लग्नानंतर. थंडीत सकाऊन दोन्ही."

"म्हंजे तुमाले आयकू यायचं?"

"पैल्या दिवसापासून."

"मंग बोलले काहून नाई कवा? दोन शब्द?"

"इलाज नव्हता ना माह्यापाशी," तुळशीरामभाऊ म्हणाले. "तू उठली का मले भेव वाटे. म्हून मी आयकतच नाई असं दाखवलं."

मी टेम्पोवाल्याकडे पाहिलं, टेम्पोवाल्याने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही तिथे असल्याची लाज वाटत होती. मला या माणसाचा इतक्या वर्षांत अनेकदा राग आला, हसून तर मी किती घेतलं, पण त्या फाटकाशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

काकूंनी टेम्पोच्या पुढचं दार उघडलं आणि आधार न घेता वर चढून बसल्या. "चला. कुठी नेनार हाये थे दाखवा."

तुळशीरामभाऊ त्यांच्याशेजारी बसले. साहजिकच बडनेऱ्यापर्यंत फ्रीज मी एकट्याने धरला.

शेडमध्ये निळा एप्रन घातलेली एक मुलगी होती. मापं, नळकांडी, सगळं नीट मांडलेलं. तिने तुळशीरामभाऊंना आवाजावरून ओळखलं. "काका, चार वेळा फोन करनारे तुमीच ना? अहो, मी प्रत्येक वेळी सांगतलं होतं तुमाले, अकोल्याला आमची गाडी येते दर शनिवारी, घरून घेऊन जाते. तिथंच तुमच्यासमोर गॅस काढून दिला असता. एवढा त्रास काहून घेतला?"

मी तुळशीरामभाऊंकडे पाहिलं. मला, एका वकिलाला, या सरळ माणसाने तोंडावर खोटं सांगून अर्ध्या दिवसाच्या उन्हातून फ्रीजला मिठी मारत आणलं होतं. त्यांनी वर पाहिलं. "हा एक्झॉस्ट आवाज करून राहिला," ते म्हणाले.

"पंखा राहू द्या," काकू म्हणाल्या. "थे पोरगी काय म्हनून राहिली?"

तुळशीरामभाऊ बुटांकडे बघत राहिले.

"येवढं धूड संग घेऊन आले. रिकाम्या हातानं आले असते तं मी काय हाकलून देल्लं असतं?"

"देल्लं असतं तं?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

काकूंनी त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागलेला दोरीचा धागा काढला. "बुधवारी डॉक्टरनं बोलावलं हाये मले. वैशालीले सुट्टी नाई. तुमी चाला संग."

"चालतो."

"मंग पुढचं पुढं पाहू. आता घरी चाला, जेवले नसान काई."

दोघं निघाले. मुलगी मागून म्हणाली, "काका, गॅस काढताना पाहाचं होतं ना तुमाले? लावून राहिली मी मशीन." तुळशीरामभाऊ वळले. फ्रीजकडे पाहिलं. काकू ऑटोच्या दिशेने पाच-सहा पावलं पुढे गेल्या होत्या. "वकीलसाहेब, तुमी पाहून घेजा," ते म्हणाले आणि त्यांच्यामागे गेले. मग त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच चालीने चालू लागले. हा माणूस हळू चालू शकतो हे मला माहीत नव्हतं.

ज्या गॅससाठी त्यांनी अख्खं अकोला छळलं, तो निघताना बघायला ते थांबले नाहीत. मी थांबलो. मुलीने नळी जोडली, मशीन सुरू केलं. फुस्स वगैरे काही झालं नाही. घड्याळासारख्या मापावरचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"झालं काका," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी तिला काटा पुन्हा दाखवायला लावला. तिने दाखवला. मग हातमोजे काढत तिने विचारलं, "तुमचा होता काय फ्रीज?"

"नाही," मी म्हणालो. "शेजाऱ्यांचा."